उत्तरेकडची भिंत

अर्जदार

मे एटसिटी. नवाहो. ॲरिझोनातल्या विन्स्लो गावाबाहेर, भाचीच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागं उभ्या केलेल्या दुसऱ्या, लहान ट्रेलरमध्ये राहते. वय साठीच्या आसपास. मुलगी फिनिक्सला असते. मेंढ्या आता नाहीत. इंग्लिश कळतं, बोलत नाही.

मागणी

घर.

१९७४ साली कायदा झाला. नवाहो आणि होपी या दोन जमाती जी जमीन सामायिक वापरत होत्या, ती सरकारनं वाटली. पुढं कुंपण घातलं आणि कुंपणाच्या चुकीच्या बाजूला जे सापडले त्यांना उठायला सांगितलं. उठणाऱ्यांत बहुतेक नवाहो होते, थोडे होपी. उठेल त्याला दुसरीकडं घर बांधून मिळणार होतं. अट अशी, की कायदा झाला त्या दिवशी, त्या वर्षीच्या डिसेंबरात, तुम्ही तिथं राहत होता हे दाखवायचं.

मे उठली. घर मिळालं नाही.

नाकारण्याचं कारण

कायदा झाल्यावर सरकारचे मोजणीवाले जीपमधून आले होते. मेच्या घराबद्दल त्यांनी लिहिलं: रिकामं. उत्तरेकडची भिंत ढासळलेली. वापरात नाही.

बऱ्याच वर्षांनी सुनावणी झाली. तिच्यातला हा तुकडा, जिथं (नाही) आहे तिथं उत्तर दिलं नाही:

प्रश्न: पतीचं नाव?
उत्तर: (नाही.)
प्रश्न: असू द्या, फाइलमध्ये आहे. घर रिकामं का होतं?
उत्तर: (नाही.)
प्रश्न: तुम्ही कुठं गेला होता?
उत्तर: ओढ्यापलीकडं.
प्रश्न: का?
उत्तर: (नाही.)
प्रश्न: कारण सांगितलं नाहीत, तर तुम्ही आधीच ती जमीन सोडून गेला होता असं धरावं लागेल. समजतंय का?
उत्तर: हो.

तसं धरलं.

तपासणारी

ज्ञानदा. मूळची पुण्याची, आता पार्सिपनीची. नवरा शार्दूल तिथंच एका बँकेच्या आयटीत. तीही आधी तेच करायची. मग सिटिझन झाली, परीक्षा दिली आणि एका केंद्रीय तपासणी कार्यालयात लागली. २००६ च्या फेब्रुवारीत तिला ॲरिझोनात पाठवलं. स्थलांतराचा कार्यक्रम आता गुंडाळावा असं वॉशिंग्टनमध्ये बोललं जात होतं, आणि गुंडाळण्याआधी नाकारलेले काही अर्ज पुन्हा बघायचे होते. कार्यालयानं काम नीट केलं की नाही, एवढंच बघायचं. घर देणं तिच्या हातात नव्हतं. प्रत्येक फाइलवर ती दोनपैकी एक वाक्य लिहू शकत होती. निर्णय योग्य. किंवा, पुन्हा सुनावणी व्हावी.

दुसरं वाक्य लिहायचं तर नवं काहीतरी हातात असावं लागत होतं. आणि कार्यक्रम गुंडाळला की ते वाक्य लिहायला कुणी उरणार नव्हतं.

फोन, फ्लॅगस्टाफहून पार्सिपनीला, सकाळी

— पोचलीस का गं?

— पोचले बाबा. बर्फ आहे इथं.

— ॲरिझोनात? मी तर शार्दूलला म्हणत होतो, पोरगी उन्हात मरणार.

— डोंगरावर आहे हे गाव. तुम्ही खाल्लंत का काही?

— शार्दूलनं ते खोक्यातलं दिलं. दूध घालून. गुरांना आंबोण देतात तसं. ते सोड. तुझी ती बाई काय म्हणते?

ज्ञानदाचे वडील, मोरेश्वर, सहा महिन्यांसाठी लेकीकडं आले होते. नोकरीभर महसूल खात्यात होते. बरीच वर्षं धरणाखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनात. बुडणारी घरं, बुडणारी झाडं, विहिरी, गोठे, सगळ्यांचे पंचनामे त्यांनी केले होते. लेक अमेरिकेत जाऊन तेच काम करते याची त्यांना मजा वाटायची.

— अजून भेटले नाही, पण फाइलमध्ये बाई बोलतच नाही बाबा. नवऱ्याचं नाव विचारलं की गप्प. कारण विचारलं की गप्प. तिथूनच सगळं अडलंय.

— अगं, एवढंच? बायका कुठं नवऱ्याचं नाव घ्यायच्या? आमच्याकडं निम्म्या बायका अशाच. तोंडाला पदर लावून उभ्या राहायच्या. शेजारणीला विचारायचं, ती सांगायची. नाहीतर मीच यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचो, बाई मान हलवायची. की झाला पंचनामा. आणि हसत वाचायचं बरं का. सरकारी आवाज काढलास तर मान पण हलवणार नाही.

— हे डोक्यातच आलं नाही माझ्या.

— कसं येणार? तू शार्दूलला अरेतुरे करतेस.

रस्ता

दुभाषी होती डेल्फीन येलोहेअर. पन्नाशीची, नवाहो. कोर्टात, दवाखान्यात, शाळेत, जिथं लागेल तिथं जायची. गाडी तीच चालवत होती.

"तुम्ही खऱ्या इंडियन ना?" तिनं विचारलं. "इंडियातल्या?"

"हो."

"कोलंबस तुम्हाला शोधत निघाला होता. तुम्ही घरी का नव्हता?"

ज्ञानदा हसली.

"हसू नका," डेल्फीन म्हणाली. "आमच्याकडं घरी नसलं की अर्ज नाकारतात."

पतीचं नाव

मेनं हात मिळवला. म्हणजे तळहात तळहाताला नुसता टेकवला, दाबला नाही. कॉफी ठेवली. ट्रेलर गरम होता, खिडकीला आतून प्लॅस्टिक चिकटवलं होतं. ती समोर बसली आणि प्लॅस्टिककडं बघत राहिली.

पहिले प्रश्न सोपे होते. मुलगी कुठं असते, भाची काय करते, आधी मेंढ्या किती होत्या. मे उत्तरं देत होती, डेल्फीन ती इंग्लिशमध्ये सांगत होती. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ज्ञानदानं विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव?"

डेल्फीननं प्रश्न सांगितला की नाही, ते कळलं नाही. ती काहीतरी थोडंसं बोलली. मे प्लॅस्टिककडं बघत राहिली.

ज्ञानदाला ती मान ओळखीची वाटली. तिच्या मोठ्या काकूची अशीच मान. लग्नाकार्यात बायकांनी घेराव घालायचा, नाव घ्या, नाव घ्या, आणि काकूनं खाली बघून हसू दाबायचं. ज्ञानदाला एकदम बरं वाटलं. इतक्या लांब येऊन काहीतरी आपल्याला कळतंय.

तिनं फाइल उघडली. पहिल्याच पानावर होतं: पती, पुढं नाव, पुढं मयत. तारीख नव्हती. कधीतरी नंतर वारला असणार.

"मीच वाचते," ती हसून म्हणाली. "तुम्ही फक्त मान हलवा."

आणि तिनं वाचलं: "          ."

मे हलली नाही.

आपला उच्चार चुकला असेल असं ज्ञानदाला वाटलं. तिनं पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून: "          ?"

डेल्फीननं कप खाली ठेवला. "पुरे," ती म्हणाली. पण ती हळू बोलली, आणि ज्ञानदा तोवर तिसऱ्यांदा म्हणाली होती, जरा मोठ्यानं, भुवया उंचावून, जसं काकूला म्हणतात तसं.

मे उठली. तिनं गॅस बंद केला. दारामागचा कोट घेतला, अंगात घातला नाही, तसाच हातात घेऊन बाहेर गेली. दार उघडं राहिलं. कुंपणापाशी जाऊन ती ट्रेलरकडं पाठ करून उभी राहिली.

बराच वेळ ती तशीच उभी होती. मग डेल्फीन म्हणाली, "चला. आजचं संपलं."

गाडीतलं बोलणं

"तुम्ही हसत का होता?"

ज्ञानदानं सांगितलं. काकू, पदर, नाव घेणं, सगळं. सांगताना तिच्याच कानाला ते फार लांबचं वाटू लागलं.

"म्हणजे तुमच्याकडं जिवंत नवऱ्याचं नाव घेत नाहीत," डेल्फीन म्हणाली.

"पूर्वी नव्हते घेत."

"आणि मेलेल्याचं घेतात?"

"घेतात. वर्षातून एकदा नावानं बोलावून जेवायला घालतात."

गाडी हळू झाली.

"बोलावून?"

"हो."

"आणि ते येतात?"

"कावळे येतात."

डेल्फीननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. लांबवर कोळशाची मालगाडी चालली होती. डेल्फीननं ती पूर्ण जाऊ दिली.

"आम्ही मेलेल्याचं नाव घेत नाही," मग ती म्हणाली. "विशेषतः घरच्या माणसांसमोर. नाव घेतलं की ते इकडं वळतात. तुम्ही तिच्या घरात, तिच्या कॉफीवर बसून तीनदा हाक मारलीत. ती आज त्या ट्रेलरमध्ये झोपणार नाही. विधी करणाऱ्या कुणालातरी बोलावून तिला ते सगळं निवारून घ्यावं लागेल."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मी तिला तुमचा प्रश्न सांगितलाच नाही. ही बाई घराचं विचारायला आली आहे, थोडं थांब, असं सांगितलं. तुम्ही फाइल उघडाल आणि गाणं म्हटल्यासारखं वाचाल हे मला काय माहीत?"

ज्ञानदानं मिटलेली फाइल मांडीवर ओढली. सॉरी म्हणायचं तर ते कुंपणापाशी उभ्या असलेल्या बाईला म्हणायला हवं होतं, आणि आता मागं फिरणं आणखी वाईट झालं असतं.

"ते परत येऊ नयेत म्हणून आम्ही जपतो," डेल्फीन जरा मऊ आवाजात म्हणाली. "घरात कुणी गेलं तर ते घरही ठेवत नाही. दार पूर्वेला असतं, ते बुजवतो. उत्तरेकडची भिंत फोडतो, तिथून माणसाला बाहेर काढतो. मग त्या घरात कुणी राहत नाही. त्याचं लाकूडसुद्धा कुणी जाळत नाही."

ज्ञानदानं तिच्याकडं बघितलं.

"कुठली भिंत?"

"उत्तरेकडची."

ज्ञानदानं फाइल उघडली. मोजणीवाल्यांची ओळ तिनं डेल्फीनसमोर धरली. डेल्फीननं वाचली. तिनं मोठ्यानं वाचली नाही, नुसती नजर फिरवली, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ढासळलेली म्हणे."

घराची सध्याची स्थिती

ती जमीन आता होपींची. परवानगी लागली, आणि बरोबर त्यांचा रेंजर हवा असं ठरलं. तो आला, मार्विन लोमायेस्टेवा. जाड जॅकेट, पातळ मिशा. कुंपणाचं फाटक त्यानंच उघडलं.

"कुंपण घातलं तेव्हा म्हणाले, आता भांडण मिटलं," तो म्हणाला. "तेव्हापासून मला नोकरी आहे."

"तुझी नोकरी माझ्या मावशीच्या कुरणावर आहे," डेल्फीन म्हणाली.

"माझी मावशी तुझ्या बाजूला होती. तिलाही उठवलंच की."

"तिला घर मिळालं."

"मिळालं," मार्विन म्हणाला. "मरेपर्यंत त्या सरकारी घराला ती ऑफिस म्हणायची. संध्याकाळ झाली की, चला, ऑफिसला जाते."

दोघंही हसले नाहीत. रस्ता संपला तिथून पुढं नुसत्या चाकोऱ्या होत्या, लाल चिखलावर बर्फ धरलेल्या.

घर लांबूनच दिसलं. होगन म्हणतात त्याला. ओंडक्यांचं आठ बाजूंचं घर, वर मातीचं छत. छत अर्धं आत बसलं होतं. डेल्फीन गाडीतून उतरलीच नाही. तिनं आरसा वळवला आणि उलट्या दिशेला बघत बसली. मार्विन उतरला, पण गाडीच्या बॉनेटपुढं गेला नाही.

"मी इथं थांबतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी."

ज्ञानदा एकटी निघाली. पूर्वेचं दार दगडांनी बुजवलेलं होतं. दगड नीट रचलेले, वाऱ्यानं आलेले नव्हेत. ती लांबून वळसा घालून उत्तरेला गेली. तिथं भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं, आणि भोकाच्या कडांना ओंडक्यांची टोकं तिरकी तोडलेली होती. कुऱ्हाडीचे घाव. पावसानं करडे झालेले, तरी दिसत होते. आपोआप ढासळलेल्या लाकडाला घाव नसतात. जीपमधून उतरून भोवती एक फेरी मारली असती तर कुणालाही हे दिसलं असतं.

तिला मोजमाप घ्यायचं होतं. टेप खिशात होती. ती दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. तिच्या स्वतःच्या घरातलं कुणी इथं वारलं नव्हतं. तिला कसलीच भीती वाटत नव्हती. पण एकदा न विचारता, नाव वाचून, ती त्या माणसापर्यंत पोचली होती.

तिनं तिथूनच फोटो काढले. कॅमेऱ्यात घाव येत होते. टेप खिशातच राहिली.

परत येताना ओढ्यापलीकडं मार्विननं हात दाखवला. दुसऱ्या घराचं जोतं, मेंढ्यांच्या वाड्याचे खुंट. "ते मी लहानपणापासून बघतोय," तो म्हणाला. "तिथं धूर असायचा."

घर रिकामं असण्याचं कारण

मेनं निरोप पाठवला. बोलेन. पण घरात नाही. आणि त्या बाईनं फाइल आणायची नाही.

डेल्फीनच्या पिकअपचं मागचं फळकट पाडून त्यावर मे बसली. ऊन होतं, वारा होता. ज्ञानदा समोर उभी राहिली. तिनं आधी माफी मागितली. डेल्फीननं ती सांगितली. मेनं ऐकलं आणि ती फळकटावर जरा बाजूला सरकली. ज्ञानदा तिच्या शेजारी बसली.

"माणसाबद्दल विचारू नका," डेल्फीननं येतानाच बजावलं होतं. "घराबद्दल विचारा."

— ती भिंत कुणी फोडली?

— माझ्या भावानं.

— कशानं?

— कुऱ्हाडीनं. कुऱ्हाड तिथंच टाकली. चांगली कुऱ्हाड होती.

— का फोडली?

हा प्रश्न डेल्फीननं पुढं नेला नाही. "ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "दुसरं विचारा."

— तेव्हा बर्फ पडला होता?

— मेंढ्यांच्या पाठीवर होता. तो खरवडून काढावा लागत होता.

— मिशनवाले नाताळच्या आधी संत्री वाटतात म्हणे. त्याच्या आधी, की नंतर?

मे पहिल्यांदाच ज्ञानदाकडं वळली. चेहऱ्याकडं नाही, खांद्याकडं बघत बोलली, आणि बराच वेळ बोलली.

— आधी, डेल्फीन म्हणाली. संत्री आली तेव्हा ती बहिणीच्या घरी होती. ओढ्यापलीकडं. मुलीनं संत्रं सालीसकट खाल्लं, तिला माहीत नव्हतं सोलायचं असतं ते. बहीण हसली. त्या घरात त्या दिवसांत कुणी हसलेलं तेवढंच, म्हणून लक्षात आहे.

— आणि मोजणीवाले आले तेव्हा?

— मी मेंढ्यांमागं होते. जीप दिसली. त्यांनी बहिणीला विचारलं, घरात डोकी किती. तिनं सांगितलं. त्यांनी बहिणीच्या नवऱ्याचं नाव लिहून घेतलं. बाकीची नुसती डोकी.

— मग तिथं कधीपर्यंत राहिलात?

— कुंपण पडेपर्यंत.

म्हणजे कायदा झाला त्या दिवशी ती तिथंच होती. जिथं होती म्हणून सांगत होती, तिथंच.

जबाब, पहिला खर्डा

अर्जदाराचे पती            हे त्या डिसेंबरात राहत्या घरी मरण पावल्याने

(खोडलं. जबाब सुनावणीत अर्जदारासमोर मोठ्यानं वाचतात. तसा नियमच आहे.)

दुसरा

अर्जदाराच्या कुटुंबातील एक सदस्य मरण पावल्याने

(खोडलं. मरण पावल्याने, हेही मोठ्यानं वाचलं जाईल. आणि कुटुंबातील सदस्य म्हणजे कोण, हा पुढचा प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर एक नाव असेल.)

तिसरा

त्या डिसेंबरात, संत्री वाटण्याच्या आधी, अर्जदाराच्या भावाने घराची उत्तरेकडची भिंत कुऱ्हाडीने फोडली आणि पूर्वेचे दार दगडांनी बुजवले. नवाहो कुटुंबे असे कधी करतात, याची माहिती सोबत जोडली आहे. ती वाचून दाखवण्याची गरज नाही. त्या दिवसापासून कुंपण होईपर्यंत अर्जदार, तिची मुलगी आणि तिच्या मेंढ्या त्याच जमिनीवर ओढ्यापलीकडे राहत होत्या.

मेसमोर डेल्फीननं हा वाचला. मेनं अंगठा न लावता सही केली, शाळेत शिकवतात तशा गोल अक्षरांत.

ज्ञानदानं फाइलवर लिहिलं: पुन्हा सुनावणी व्हावी.

मग तिनं बाकीच्या फाइली पुन्हा काढल्या. ज्यांच्यावर ती आधीच निर्णय योग्य लिहून बसली होती, त्याही. आणखी काही घरं होती. रिकामं. उत्तरेची बाजू पडकी. रिकामं. उत्तरेस भगदाड. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. कुणालाही प्रश्न पडला नव्हता, की भिंती एकाच दिशेच्या का पडतात.

सुनावणी

मे महिन्यात झाली. साधी खोली, लांब टेबल, कोपऱ्यात झेंडा. सुनावणी अधिकारी फिनिक्सहून आले होते. वृद्ध, सभ्य, एका कानात यंत्र. त्यांच्यासमोर मे आणि डेल्फीन. भिंतीशी एका खुर्चीवर ज्ञानदा. निरीक्षकानं बसायचं, ऐकायचं, बोलायचं नाही. बोललं की ते निरीक्षण राहत नाही. तिच्या कार्यालयातला हा पहिला धडा.

अधिकाऱ्यांनी जबाब वाचला. पूर्ण वाचला, मोठ्यानं, कागद लांब धरून. संत्र्यापाशी जरा थांबले, मग पुढं गेले. जोडलेली माहिती त्यांनी मनात वाचली. फोटो बघितले. कुऱ्हाडीच्या घावांवर बोट ठेवलं.

"हे मला समजलं," ते म्हणाले. "खरंच समजलं. पण कागदावर एक दुवा हवा. भिंत कुणामुळं फोडली, ते नोंदीत आलं पाहिजे, नाहीतर उद्या वरचे लोक हा निर्णय फिरवतील. नाव सांगायची गरज नाही, बाई. ते फाइलमध्ये आहे. मी वाचतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यांनी फाइलचं पहिलं पान उलटलं. चष्मा वर घेतला. ते हसले, दिलासा द्यावा तसे.

डेल्फीननं टेबलाची कड धरली. दुभाषीला स्वतःचं काही बोलता येत नाही. मेची नजर टेबलावर होती आणि तिचा हात कोटावर गेला होता. मे उठून गेली असती तर जबाब अर्धवट राहिला असता आणि अर्ज तिथंच संपला असता.

"थांबा," ज्ञानदा म्हणाली.

अधिकाऱ्यांनी यंत्र कानात नीट बसवलं. "कोण बोललं?"

"मी. ते नाव वाचू नका."

"तुम्ही निरीक्षक आहात."

"हो."

"तुम्हाला इथं बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. तुम्ही ते वाचलंत तर त्या उठून जातील. मी वाचलं होतं, तेव्हा गेल्या."

रेकॉर्डरची टेप फिरत होती. अधिकारी तिच्याकडं बघत राहिले. रागावले होते, पण नियम मोडला म्हणून रागावले होते, मेवर नाही.

"निरीक्षक मध्ये बोलल्या याची नोंद घ्या," ते टेबलाच्या टोकाशी नोंदी घेणाऱ्या मुलीला म्हणाले. मग त्यांनी फाइल मिटली. मिटलेल्या फाइलवर हात ठेवला. "ठीक आहे. पण मला काहीतरी म्हणावं लागेल. त्या माणसाला मी काय म्हणू?"

डेल्फीननं प्रश्न पुढं नेला.

मेनं कोटावरचा हात काढला. मग मे बोलली. चार-पाच शब्द, आवाज अगदी साधा.

"माझ्या मुलीचा बाप," डेल्फीन म्हणाली.

"भिंत तुमच्या मुलीच्या बापासाठी फोडली?"

"हो."

"संत्र्यांच्या आधी?"

"हो."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

निरीक्षकाबद्दल नोंद

आठवड्याभरात वॉशिंग्टनहून साहेबांचा फोन आला. साहेब चांगले होते. ओरडले नाहीत.

"तुझं म्हणणं बरोबर असेल," ते म्हणाले. "पण आपण सुनावणीत हात घातला, असं उद्या कुणी म्हणालं तर सगळा अहवाल जाईल. तुला या कामावर ठेवता येणार नाही."

"बाकीच्या फाइली?"

"दुसरं कुणी बघेल."

"त्यांना भिंतीचं सांगू का?"

"लेखी दे. पण शिफारस म्हणून नको. टीप म्हणून दे."

तिनं टीप लिहिली. ती अर्ध्या पानाची झाली. पुढं काय झालं ते कळण्याचा तिला हक्क नव्हता. एकदा फक्त त्या दुसऱ्याचा फोन आला, सभ्य, घाईतला. उत्तरेची पडकी भिंत सगळ्या प्रकरणांत पुरावा म्हणून धरायची का, की प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायला हवं? जाऊन बघायला हवं, ती म्हणाली. त्यानं विचारलं, फोटोवरून नाही चालणार? प्रवासाची मंजुरी आता अवघड आहे.

मोरेश्वरांना तिनं सगळं सांगितलं. ते पार्सिपनीच्या गॅलरीत बसून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडच्या त्या बायकांना तरी मी कुठं विचारलं होतं, वाचू का म्हणून." आणि उठून आत गेले.

निर्णय

ऑगस्टमध्ये डेल्फीनचा फोन आला, ज्ञानदाच्या घरच्या नंबरवर.

"झालं," ती म्हणाली. "पात्र ठरवली. सँडर्सजवळ घर देणार. नवी जमीन, नवी घरं. पाण्याचा नळ आत आहे."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. कागद घडी करून कॉफीच्या डब्यात ठेवला. मग मला म्हणाली, तुझ्या त्या दुसऱ्या इंडियन बाईला एक विचार."

"काय?"

"त्या घरात किती दिवस राहिलं की राहिली असं धरतात?"

शार्दूल स्वयंपाकघरातून हातानं विचारत होता, कुणाचा?

"म्हणजे ती मुलीकडं गेली, महिनाभर राहिली," डेल्फीन म्हणाली, "आणि तेवढ्यात कुणी बघायला आलं आणि घर बंद दिसलं, तर? दार लावून दुकानात गेली, तर? तिला ते आधीच माहीत असायला हवंय."

"मी आता त्या कामावर नाही, डेल्फीन."

"ते मी तिला सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, विचार तरी."

नियम ज्ञानदाच्या डोक्यात होते. पात्रता कशी ठरते, ताबा कधी मिळतो, दुरुस्ती किती काळ सरकारकडं. राहणं म्हणजे काय, ते १९७४ च्या एका दिवसापुरतं लिहिलेलं होतं. पुढचं कुठंच नव्हतं.

"त्यांना सांगा, मी विचारते," ती म्हणाली. "कुणाला विचारायचं ते बघते, आणि कळवते."

"लेखी?"

"लेखी."

"बरं," डेल्फीन म्हणाली. "तोपर्यंत ती ट्रेलर सोडणार नाही."